शाळेतला वाफा

दिवाळीच्या सुटीत आपली मुले किल्ला करतात. दगड, विटांचे तुकडे, जुने गोणपाट आणि ओली माती यांतून अंगणात एक गड उभा राहतो. मावळे चढतात, माथ्यावर महाराज बसतात, आणि मग कोणीतरी घरात धावत येऊन हळीव मागते. आईच्या डब्यातले मूठभर हळीव किंवा मोहरी उतारावर भुरभुरली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गड हिरवा होतो. येणारे-जाणारे बुरुजांचे कौतुक करतात, तोफांचे करतात. त्या हिरवळीकडे फारसे कोणी पाहत नाही. मूल मात्र पाहते. अभ्यंगस्नानाच्या पहाटेसुद्धा ते आधी किल्ल्यापाशी जाऊन येते. हळीव भिजले की बुळबुळीत का होतात? ओट्याखालच्या अंधारातली रोपे लांब आणि पिवळी का? आणि सगळी उजेडाकडेच का वाकतात?

हा शेवटचा प्रश्न काही पोरकट नव्हे. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस या दोघांनी तोच विचारला होता. कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांवर कथलाच्या वर्खाच्या चिमुकल्या टोप्या घालून त्यांनी पाहिले, की शेंडा झाकला तर कोंब वाकत नाही. १८८० साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या अंगणातले पोर डार्विनच्या वाटेवर दोन पावले चालून आलेले असते. पुढे सुटी संपते, किल्ला मोडतो, शाळा उघडते. आणि तेच पोर पुस्तकातली अंकुराची आकृती पाहून ‘अंकुरणास आवश्यक घटक’ पाठ करू लागते. हळिवाची त्याला आठवणही होत नाही.

मी पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. अंगण आणि वर्ग यांच्यामधली ही भिंत मला दोन्ही धंद्यांत खुपत आली आहे. ती पाडण्याचा खटाटोप पुष्कळांनी केला, आणि त्यांतला एक फार मोठा खटाटोप आपल्या वर्ध्याजवळच झाला. त्याची हकिकत सांगावी म्हणून हा लेख.

सुरुवात मात्र जर्मनीतून करावी लागते. फ्रेडरिक फ्रोबेल हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. वर्षाचा होण्याआधीच आई गेली. पंधराव्या वर्षी बापाने त्याला एका जंगल-अधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले, आणि झाडांची ओढ त्याला जन्मभर पुरली. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी त्याने लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिले ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. हे नाव नुसते काव्य नव्हते. फ्रोबेलच्या आराखड्यात खरीखुरी जमीन होती: मधोमध प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा, आणि भोवताली सगळ्यांची सामाईक जमीन. आपले काय आणि सगळ्यांचे काय, हे मुलाने पाणी घालता घालता शिकावे अशी त्याची कल्पना. मौज अशी, की १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली! त्यांतून निरीश्वरवाद आणि समाजवाद फैलावतो असा सरकारचा संशय. बंदी उठली १८६० साली. फ्रोबेल बिचारा त्याआधीच, १८५२ मध्ये, निवर्तला होता.

आपण त्या शब्दाला प्रतिशब्द शोधला तो ‘बालवाडी’. कोकणातल्या माणसाला वाडी म्हणजे काय हे सांगायला नको. माड-पोफळी, पाटाचे पाणी आणि सुकलेल्या झावळ्यांचा वास! परंतु शहरातल्या कितीतरी बालवाड्यांत हल्ली झाड असते ते भिंतीवर रंगवलेले.

फ्रोबेलनंतर युरोप-अमेरिकेत शाळांच्या बागा निघाल्या. आपल्याकडे हा विचार पक्का रुजवला तो रवींद्रनाथांनी. १९२२ साली शांतिनिकेतनाजवळच्या सुरूल येथे त्यांनी ग्रामसुधारणेचे काम सुरू केले. त्यासाठी लिओनार्ड एल्महर्स्ट नावाचा एक तरुण इंग्रज आणला होता. तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शेतकी शिकून आलेला. १९२४ मध्ये या दोघांच्या विचारांतून ‘शिक्षासत्र’ नावाची शाळा निघाली. ती भद्रलोकांच्या मुलांसाठी नव्हती, खेड्यातल्या गरीब मुलांसाठी होती. तिथे हस्तव्यवसाय आणि बागकाम यांना पुस्तकाइतकाच मान होता. शांतिनिकेतनात त्या काळी सिलोनचे एक तमिळ गृहस्थ होते, ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. काही काळ ते रवींद्रनाथांचे चिटणीसही होते. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. हे दांपत्य पुढे गांधीजींच्या ओढीने वर्ध्याला आले, आणि शांतिनिकेतनची माती, म्हणा ना, सेवाग्रामच्या काळ्या जमिनीत येऊन मिसळली.

१९३७ च्या ऑक्टोबरची २२ आणि २३ तारीख. दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली. प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती, आणि शाळांचे काय करायचे हा प्रश्न आता भाषणाचा न राहता कारभाराचा झाला होता. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. चार ठराव झाले: सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, कुठल्यातरी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण, आणि चौथा ठराव असा की या पद्धतीतून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा.

पहिल्या तिन्हींविषयी कोणाचे फारसे दुमत नव्हते. खरा तंटा चौथ्याचा. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी उघड विरोध केला. मुलांनी केलेला माल बाजारात आला की गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, असे त्यांचे म्हणणे. डॉ. झाकीर हुसेन यांनाही हा स्वावलंबनाचा अट्टहास धोक्याचा वाटत होता. आणि गांधीजींचा मोठेपणा असा, की अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांनी याच शंका काढणाऱ्या माणसाला दिले, के. टी. शहांनाही समितीत घेतले. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा हेही होते. आर्यनायकम् निमंत्रक. आज कोणत्या समितीवर विरोधकाला अध्यक्ष करतात?

२ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांत, अहवाल तयार झाला. एरवी समित्यांचे अहवाल वाचण्याची मला गोडी नाही, पण हा मी मन लावून वाचला. त्यातले वेळापत्रक पाहा. शाळा साडेपाच तासांची. त्यांत हस्तव्यवसायाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३०, कवायतीला १० आणि मधली सुटी १०. विज्ञानाला वाटणीचा अर्धाच तास पाहून आजचे पालक कपाळाला हात लावतील. परंतु गंमत अशी, की विज्ञानाचा अभ्यासक्रम काही लहान नव्हता. वनस्पती, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन, आकाशातले तारे, शास्त्रज्ञांच्या गोष्टी, सारे त्यात होते. ते शिकवायचे कधी? तर त्या ३ तास २० मिनिटांत, हातातले काम चालू असताना. सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर फळबाग-भाजीबाग आणि शेती हेही मूलोद्योग सुचवलेले होते.

मास्तर म्हणून मी हे मनाशी मांडून पाहतो. वाफा आखायचा म्हणजे लांबी-रुंदी आली, क्षेत्रफळ आले. दहा बिया पेरून सात उगवल्या की शेकडेवारी आली, आणि उरलेल्या तीन का उगवल्या नाहीत या प्रश्नापासून विज्ञान सुरू झाले. चवळीचे एक रोप हलक्या हाताने उपटून मुलांना मुळे दाखवावीत. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतात. नखाने एक फोडली तर आत गुलाबी दिसते. या गाठींत जंतू राहतात आणि हवेतला नत्रवायू पकडून झाडाला देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या दोघा जर्मन संशोधकांनी १८८६ साली जगापुढे मांडले. पण वर्गातल्या कुणब्याच्या पोराला अर्धी गोष्ट ठाऊकच असते. त्याचा आजा हरभऱ्याचा ‘बेवड’ चांगला म्हणून त्या रानात पुढच्या साली दुसरे पीक घेतो. आज्याच्या शब्दाला जर्मन शास्त्रज्ञाचा आधार मिळाला, की पोराच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी पाहिले आहे. पुस्तकातली आकृती कितीही सुबक असो, तिला ते साधत नाही.

आता थोडे आडवळण घेऊन इंदूरला जायला हवे. सेवाग्रामच्या वाफ्यातले खत तिथून आले. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले. इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला आलेले हे गृहस्थ पुढे शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीलाच आपले गुरू मानू लागले. १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत कसदार खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली त्यावरचे पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे सहलेखकाचे नाव आहे. जगभर सेंद्रिय शेतीवाले हॉवर्ड यांचे नाव घेतात. वाडांचे आपणही घेत नाही. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली, आणि पुढे ‘हरिजन’मधून या खताची माहिती दिली.

असा ढीग म्हणजे एक प्रयोगशाळाच असते. पहिल्या दिवसांत आतली उष्णता ६०-६५ अंशांपर्यंत चढते. लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढली तर हाताला चटका बसतो. विस्तव नाही, ऊन नाही, मग ऊब कुठून आली? ज्या मुलाने ती सळई धरली त्याला सूक्ष्म जंतूंविषयी सांगणे सोपे जाते.

पण सेवाग्रामला खताची गोष्ट रसायनापाशी थांबत नव्हती. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम् दांपत्याने तिथली शाळा हाती घेतली. त्या शाळेत सफाई हा विषय होता. झाडलोट तर होतीच, पण संडासाची सफाई आणि मैल्याचे खत करणे हेही विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याच अंगावर. त्या खताला आपल्याकडे ‘सोनखत’ म्हणतात. तिकडे कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धन हेच सोनखत घेऊन कोकणभर झगडत होते. ज्या समाजाने हे काम एका जातीच्या माथी पिढ्यानपिढ्या मारले होते, त्या समाजातल्या वरच्या आळीचा मुलगा टोपले उचलतो, खड्ड्यावर माती टाकतो, आणि काही महिन्यांनी त्याच खतावरची भाजी इतरांच्या पंगतीला बसून खातो, हे १९४० च्या सुमारास किती अवघड असेल! अन्न आणि घाण ही एकाच चाकाची दोन टोके आहेत, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नव्हते. हल्ली आपण ज्याला शाश्वत जीवनपद्धती म्हणतो ती याहून फारशी वेगळी नाही. मात्र तिच्यात जातीचा प्रश्न आपण सोयीने विसरतो.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली आणि नई तालीम ही बालपणापासून थेट प्रौढांपर्यंत, जन्मभराची मानली गेली. उत्तर बुनियादी शाळेतली मोठी मुले वसतिगृहात राहून आपले अन्न आपण पिकवण्याची खटपट करीत. मार्जोरी साइक्स या इंग्रज बाईंनी तिथे शिक्षकांना घडवण्याचे काम केले आणि पुढे या सगळ्याचा इतिहास लिहून ठेवला.

मग हे बुडाले का? अनेकजण इंग्रजीवर, सरकारवर, नाहीतर शहरी पालकांवर बोट ठेवतात. तेही खरे आहे. गावच्या बापाला मुलगा मामलेदार व्हावा असे वाटत होते. ज्या कुदळीतून सुटायचे तीच मास्तर पोराच्या हातात देतो, हे त्याला कसे रुचावे? आणि विशेषतः ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबण्यात गेल्या, त्यांचा हा संशय मला कधीच खोटा वाटलेला नाही. परंतु एक कारण खुद्द त्या १९३७ च्या अहवालातच लिहून ठेवलेले आहे. समितीने बजावले होते, की या योजनेत कमाईच्या बाजूवर भर पडून शिक्षण मागे पडण्याचा उघड धोका आहे. शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागेल आणि त्या कामातले ज्ञान विसरेल. तसेच झाले. मुंबई प्रांतात आणि पुढे महाराष्ट्रात मूलोद्योगी शाळा निघाल्या. कित्येक गावांत ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ ही पाटी अजून दिसते. बागेला जमीन हवी, विहीर हवी, कुंपण हवे, आणि ऐन वैशाखात शाळेला सुटी असताना पाणी घालणारा माणूस हवा. टकळीला यातले काहीच लागत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी टकळी आली. साहेब आले की किती लड्या निघाल्या ते मोजू लागले. जिथे बाग होती तिथे भाजीचे वजन मोजू लागले. मोजता येईल तेवढेच उरले. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला आणि त्याचा शाळाशाळांतून एक तास झाला. त्या तासाला मीही लहानपणी कागदाची फुले केली आहेत!

विझता विझता कुठे निखारा राहतोच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखतात, हे दिसल्यावर या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. जे मूल गुरे राखते त्याला गवताच्या जाती आपल्याला शिकवाव्या लागत नाहीत. उलट तेच आपल्याला शिकवते. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तोही याच जातीचा. आणि सेवाग्रामच्या जुन्या जागी २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने शाळांतून पोषण-परसबागा कराव्यात म्हणून सूचना काढल्या. शाळेच्या खिचडीत शाळेची पालेभाजी पडावी, ही कल्पना उत्तमच. पण मी पूर्वी एका शाळेत होतो, तिथे तपासणीच्या आदल्या संध्याकाळी रोपवाटिकेतून पिशव्यांतली रोपे आणून पिशवीसकट मातीत पुरली होती. सकाळी फोटो निघाले. आठवड्याने रोपे वाळली. एका मुलाने मला विचारले, ‘‘गुरुजी, पिशवी काढली असती तर जगली असती ना?’’ मी मान खाली घातली. रोपे पुरणाऱ्यांत मीही होतो.

सध्याच्या शाळेत यंदा पावसाळ्यात चुलीमागच्या खरकट्यातून लाल भोपळ्याचा एक वेल आपोआप आला आणि कुंपणावर चढला. फुले पुष्कळ, पण सगळी गळून जात. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘आजी म्हणते, वेल वांझ आहे, उपटून टाका.’’ मी म्हटले, आधी मोजू. पंधरा दिवस रोज सकाळी मोजणी झाली. नुसत्या देठाची फुले निघाली ३७, आणि पाकळ्यांखाली बारीक भोपळा घेऊन आलेली ६. ती ३७ फुले म्हणजे बाप्ये, हे कळल्यावर वर्ग खूप हसला. मग त्या सहा फुलांना मुलांनी लाल दोरा बांधला आणि फूल मिटण्याआधी, सकाळी सातच्या आत, बाप्या फुलातला पराग त्यांच्यावर टेकवला. सहांपैकी चार धरली. आजी स्वतः येऊन वेल पाहून गेली.

परसबागेच्या नोंदवहीत एकच रकाना आहे, उत्पादन किलोत. त्यात मी ‘भोपळे ३, वजन ९ किलो’ असे लिहिले. चौथ्याला फळमाशी लागली आणि तो मुठीएवढा असतानाच कुजला. तो त्या मुलीने फेकू दिला नाही. डब्यात घालून, वर मलमलीचे फडके बांधून तिने तो वर्गाच्या खिडकीत ठेवला आहे. आतल्या अळ्यांची माशी होते का ते तिला बघायचे आहे. वर्गात घाण वास सुटला असून दोन मुलांनी तशी तक्रार केली आहे. अळ्या मातीत शिरतात, तेव्हा डब्याच्या तळाशी थोडी माती घाल, एवढे मी तिला सांगितले. बाकी अजून काही सांगितलेले नाही.